शयनयानाला जागल्या का नाही?

आजच्या धाग्याचा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. मिरज, सांगली, कराड वा सातारा स्थानकावर रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीत चढलेला प्रवासी बर्थवर टेकण्यापूर्वी एक गोष्ट हमखास करतो. तो वाकून बॅग बाकाखाली सरकवतो, तिथल्या लोखंडी कडीतून साखळी ओवतो, कुलूप लावतो, ते एकदा ओढून पाहतो आणि किल्ली आतल्या खिशात ठेवतो. ही कृती आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास असेल असे कुणाच्या मनातही येत नाही.

माझे म्हणणे असे की ती साखळी हा एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. वाटसरूचे सामान चोरीला गेले तर उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न आपल्या मुलखात रेल्वेच्याही आधीपासून विचारला जात आहे. गेल्या दोनशे वर्षांत त्याचे उत्तर बदलले, आणि ज्या दिशेने ते बदलले ती दिशा मला अन्याय्य वाटते. धागा लांबणार आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात रेल्वेपूर्वीच्या काळापासून करू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना छत्रपतींचे राज्य मर्यादित अधिकारांसह परत मिळाले आणि ग्रँट डफ तिथे इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून बसला. त्याच सुमारास दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रदेशाविषयीचा आपला प्रसिद्ध अहवाल १८१९ मध्ये सादर केला. महाराष्ट्राच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो वाचावाच, पण महसुलाची प्रकरणे संपल्यावर पुस्तक मिटू नये. पुढे गावच्या बंदोबस्ताचे वर्णन येते आणि आपल्या विषयाचे मूळ तिथे सापडते.

त्या व्यवस्थेत चोरीची जबाबदारी मुळात गावावर असे. गावच्या हद्दीत चोरी झाली की पाटील आणि गावचा रखवालदार यांना चोर तरी शोधून द्यावा लागे, नाहीतर नुकसान भरून देण्याचा प्रसंग गावावर येई. रखवालदार पावलांचा माग काढत निघे. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचला की तो त्या गावाच्या स्वाधीन केला जाई आणि उत्तरदायित्वही त्या गावाकडे जाई. ज्या गावच्या हद्दीत माग हरवला, त्या गावाने उत्तर द्यायचे. आपल्या भागात हे काम बहुधा रामोशी करत. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या माणसाला आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे : जागल्या. गाव झोपावे म्हणून जो जागतो तो.

ही व्यवस्था आदर्श होती असा माझा दावा नाही. तीत निरपराध कुणब्यांना भुर्दंड पडे, गावाची ऐपत पाहून भरपाईवर तडजोड होई आणि दुबळ्या गावाच्या गळ्यात माग बांधण्याचे प्रकारही झाले असणार. शिवाय ज्या समाजांनी पिढ्यानपिढ्या रखवालीचे वतन सांभाळले, त्यांच्याकडेच इंग्रजी राजवटीने पुढे संशयाने पाहिले. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे आणि मी तो लिहिणार आहे. इथे एवढेच लक्षात ठेवू की सामान ज्या जागेत गेले त्या जागेच्या धन्याला उत्तर द्यावे लागे. वाटसरू झोपला होता, हा त्याचा अपराध मानला जात नसे.

आगगाडी आली आणि शीव नाहीशी झाली. सदर्न मराठा रेल्वे या कंपनीने १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे मीटरगेजचा मार्ग टाकायला घेतला. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी शाखा १८९१ मध्ये सुरू झाली. सांगली संस्थानाला पुढे मिरजेपासून एक छोटी शाखा मिळाली. सातारा शहरापासून रूळ दूर राहिले. शहरवासीयांना कित्येक मैलांवरचे सातारा रोड स्थानक गाठावे लागे. १९०८ मध्ये ही कंपनी विलीनीकरणातून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यातली एमएसएम ती हीच.

आता कल्पना करा, रात्री कराड आणि ताकारी यांच्या दरम्यान कुणाचे गाठोडे नाहीसे झाले. माग कुठे काढायचा? गाडीने दरम्यान दहा गावांच्या शिवा ओलांडलेल्या असतात. चोर मधल्या स्थानकावर उतरलेला असतो किंवा अजूनही शेजारच्या बाकावर घोरत असतो. जुन्या व्यवस्थेचा आधारच जमीन होता आणि गाडीखाली जमीन सारखी बदलत होती. तेव्हा तर्काने पाहता गावाची जागा रेल्वे कंपनीने घ्यायला हवी होती, कारण डबा ही आता तिची हद्द होती.

कायद्याने याच्या नेमके उलट केले. १८९० चा भारतीय रेल्वे अधिनियम, कलम ७४. प्रवाशाच्या मालकीचे किंवा त्याच्या ताब्यातले लगेज हरवले, नष्ट झाले वा खराब झाले, तर रेल्वेच्या नोकराने ते नोंदवून पावती दिलेली असल्याखेरीज रेल्वे प्रशासन जबाबदार राहणार नाही, असा त्याचा आशय. लागलीच पुढच्या ७५ व्या कलमात सोने, चांदी, मोती अशा मौल्यवान वस्तूंची वेगळी तजवीज होती : पार्सलात शंभर रुपयांहून अधिक किमतीचा असा ऐवज असेल, तर त्याची किंमत आधी जाहीर करून जादा आकार भरला पाहिजे, अन्यथा कंपनी हात वर करायला मोकळी.

पावती घेऊन ब्रेकव्हॅनमध्ये सामान देणारा प्रवासी कोण असे? पेटारे, संदुका आणि नोकरचाकर घेऊन फिरणारा वरच्या वर्गाचा प्रवासी. तिसऱ्या वर्गातून मुंबईच्या गिरणीकडे निघालेला साताऱ्याचा माणूस घोंगडीत बांधलेले बोचके नोंदवायला काउंटरवर जाणार नव्हता. त्या बोचक्यात भाकरी, चटणी, एक जादा धोतर आणि गावच्या कुणीतरी मुंबईतल्या भावासाठी दिलेली शेंगदाण्याची पुरचुंडी, एवढाच ऐवज असे. कायद्याच्या दृष्टीने तो माणूस स्वतःच स्वतःचा जागल्या होता. तिसऱ्या वर्गातली गर्दी आणि गैरसोय यांवर गांधीजींनी १९१७ मध्ये एक पुस्तिकाच लिहिली; तो वर्ग किती दुर्लक्षित होता हे तीवरून कळते.

या माणसाने मग काय केले? त्याने आपल्या अंगाचीच तिजोरी केली. आपल्या भाषेत या तिजोरीच्या कप्प्यांना नावे आहेत. कमरेला बांधायची पैशांची लांबट कापडी पिशवी म्हणजे कसा. धोतराच्या वा लुगड्याच्या कमरेशी खोचलेली गाठ म्हणजे कनवटी. बंडीच्या आतून शिवलेला, बाहेरून न दिसणारा कप्पा म्हणजे चोरखिसा. चोरापासून लपवण्याच्या खिशाला चोराचेच नाव मिळाले, यातली गंमत भाषाशास्त्राच्या मित्रांनी उलगडावी. हे शब्द रेल्वेहून जुने आहेत, पण रेल्वेच्या कायद्याने त्यांना नवे आयुष्य दिले असे मला वाटते. आजही एकटीने प्रवास करणाऱ्या मुलीला आजी जी सूचना देते, ती याच परंपरेतली आहे.

आपल्या मार्गावर सामानाची आणखी एक परीक्षा होती. मुंबई-पुणे मार्ग ब्रॉडगेजचा आणि पुणे-मिरज मार्ग मीटरगेजचा. मुंबईहून साताऱ्याला, सांगलीला वा कोल्हापूरला येणाऱ्या प्रत्येकाला पुण्याला गाडी बदलावी लागे. म्हणजे प्रत्येक ट्रंक, प्रत्येक वळकटी, लोणच्याची प्रत्येक बरणी एका गाडीतून उतरून दुसरीत चढे. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज होईपर्यंत हे चालले. त्यानंतर हीच अडचण दक्षिणेकडे सरकली. मिरजेहून लोंढा, बंगळूरकडचा मार्ग मीटरगेजच राहिला होता, आणि पंढरपूरवरून येणारी बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी १९२७ पासून मिरजेला येतच होती. त्यामुळे काही काळ मिरज जंक्शनवर तिन्ही गेजच्या गाड्या उभ्या दिसत. रेल्वेप्रेमी या गोष्टीचे कौतुकाने वर्णन करतात. मला मात्र ते वाचताना फलाटावर बोजे मोजत उभी असलेली बाई दिसते. रुळांमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगणारे लेख पुष्कळ आहेत. त्या अंतराचे ओझे कोणी वाहिले हे सांगणारे विरळा.

गेजच्या या अदलाबदलीत सामान ओळखता येणे हीच त्याची सुरक्षा होती. म्हणून ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, गाव, स्थानक रंगवलेले असे. सातारा जिल्हा फौजी परंपरेचा. आपशिंगे गाव तर मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. सैनिकाची काळी लोखंडी ट्रंक, तीवर त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण, ही वस्तू या जिल्ह्यातल्या अनेक घरांच्या माळ्यावर अजून आहे. ट्रंक जड असे, तिला कोयंडा आणि कुलूप असे, आणि रात्री तिच्यावर वळकटी टाकून माणूस टेकत असे. सामान आणि माणूस यांत अंतर नव्हते. चोराला ट्रंक हलवायची तर आधी माणूस हलवावा लागे.

या लोहमार्गावरची सामान लुटीची सर्वांत प्रसिद्ध घटना कोणती, असे विचारले तर आपण सगळे एकच उत्तर देऊ : शेणोली, ७ जून १९४३. प्रतिसरकारच्या तुफान सेनेने जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, यांच्या नेतृत्वाखाली पुणे-मिरज गाडी अडवली आणि इंग्रज सरकारच्या नोकरांच्या पगाराची रक्कम ताब्यात घेतली. या घटनेला चोरी म्हणणे मला मान्य नाही. जनतेचा पैसा जनतेकडे परत आला, ही त्या सैनिकांची भूमिका होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

मी ती इथे आणतो ती एका वेगळ्या कारणासाठी. शेणोलीची आठवण राहिली, कारण तिथे सरकारचा पैसा गेला. त्याची तक्रार झाली, शोध झाला, कागद तयार झाले. त्याच मार्गावर, त्याच वर्षांत, किती गिरणी कामगारांची बोचकी आणि किती सासुरवाशिणींच्या पेट्या गेल्या असतील? कलम ७४ मुळे त्यांच्या तक्रारीला कंपनीच्या दृष्टीने मोलच नव्हते, आणि ज्या तक्रारीला मोल नाही तिचा कागद फार काळ राहत नाही. सामान्य प्रवाशाच्या सामानाचा इतिहास लिहायला बसले की दफ्तरखान्यात जे रिकामेपण जाणवते, ते कायद्यानेच घडवलेले आहे.

आता झोपेकडे येऊ, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे.

१८९० चा कायदा झाला तेव्हा सामान्य प्रवासी रात्रभर बसून जात असे. बसलेला माणूस डुलकी घेतो, पण त्याच्याकडून थोडीफार सावधगिरीची अपेक्षा करणे तितके विपरीत नव्हते. स्वातंत्र्यानंतर तिसऱ्या वर्गालाही आडवे होण्याची सोय मिळू लागली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग हे नाव गेले. १९७७ ते १९७९ या काळात मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी लाकडी बर्थवर दोन इंच फोमची गादी आणली. माझ्या मते स्वतंत्र भारताच्या रेल्वेतल्या सर्वांत लोकशाहीवादी सुधारणांपैकी ही एक आहे. गरिबाच्या पाठीचा विचार करणारा मंत्री या देशाला मिळाला, आणि तो आपल्या महाराष्ट्राचा होता याचा मला अभिमान आहे.

रेल्वे तेव्हापासून प्रवासाबरोबर झोपही विकते आहे. शयनयान हे नावच पाहा. बर्थ क्रमांकासह पैसे घेतले जातात. रात्री १० ते सकाळी ६ ही झोपेची वेळ रेल्वेने नियमाने ठरवून दिली आहे; त्या वेळेत मधला बर्थ उघडण्यास खालचा प्रवासी हरकत घेऊ शकत नाही. पण सामानाच्या बाबतीत मात्र कायदा त्या प्रवाशाला अजूनही १८९० सालच्या बाकावर टक्क जागा बसलेला समजतो.

शिवाय शयनयानाच्या रचनेने माणूस आणि सामान यांची ताटातूट केली. एका कप्प्यात, समोरचे सहा आणि बाजूचे दोन धरून, आठ जण झोपतात. बाकाखालची जागा मात्र तीनच बर्थखाली असते. सगळ्यात वर झोपलेल्याचे सामान सहा-सात फूट खाली, एका अनोळखी माणसाच्या पाठीखाली असते. नियमाने त्याला ४० किलो सामान विनामूल्य नेता येते आणि ट्रंकेचे माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटरपर्यंत चालते. हे माप वाचताना तीच जुनी ट्रंक डोळ्यांपुढे येते. आज आपण चाकांच्या मऊ बॅगा नेतो. ट्रंकेला कोयंडा होता, बॅगेला चेन आहे, आणि ती चेन बॉलपेनच्या टोकानेही उघडता येते. म्हणजे साखळी आणि कुलूप बॅगेला राखतात, आतल्या वस्तूंना नाही. साखळी पट्ट्यात न अडकवता मूळ मुठीतून ओवावी, बॅगेच्या उघडण्याची बाजू भिंतीकडे करावी, आणि कागदपत्रे, पैसे, टिपणवह्या खाली ठेवूच नयेत. त्या उशाशी किंवा कशात. हा सल्ला आजीचाच आहे. मी फक्त त्याचे कारण सांगितले.

आठ जणांची ही व्यवस्था चालते कशी? एका वाक्यावर. “जरा सामानाकडे लक्ष ठेवता का?” हे वाक्य आपण पूर्ण अनोळखी माणसाला सांगतो आणि तो मान डोलावतो. गावच्या जागल्याचे काम सहप्रवाशांनी आपापसांत वाटून घेतले आहे. आणि त्याच वेळी स्थानकावरची उद्घोषणा सांगत असते की अनोळखी व्यक्तीकडून काही खाऊ-पिऊ नका. सूचना योग्यच आहे; गुंगीचे औषध देऊन लुटण्याचे प्रकार खरे आहेत. तरी विसंगती पाहा. ज्या शेजाऱ्यावर संशय घ्यावा असे शासन सांगते, त्याच्या जागेपणावरच शासनाने आपले सामान सोपवलेले असते.

रेल्वेकडे पोलीस नाहीत का? आहेत, आणि दोन प्रकारचे आहेत. रेल्वे सुरक्षा दलाचा कायदा १९५७ चा. त्याचा उद्देश रेल्वेच्या मालमत्तेचे संरक्षण हा होता. डब्यातला पंखा त्यांच्या रक्षणाखाली, पंख्याखालचा प्रवासी नाही. २००३ च्या दुरुस्तीने प्रवासी आणि प्रवासी क्षेत्र हे शब्द त्या कायद्यात आले. मध्ये ४६ वर्षे गेली. चोरीचा गुन्हा नोंदवण्याचे आणि तपासाचे काम मात्र राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे. त्यामुळे प्रवाशाला पहिला प्रश्न असतो तो हद्दीचा : नेमके कुठे घडले? झोपलेल्या माणसाने याचे काय उत्तर द्यावे? दोनशे वर्षांपूर्वी माग काढणारा शिवेवर थांबे तेव्हा जबाबदारी तरी पुढच्या गावाकडे जात असे.

१९८९ मध्ये, म्हणजे बरोबर ९९ वर्षांनी, नवा रेल्वे अधिनियम आला. त्याच्या १०० व्या कलमात जुन्या ७४ व्या कलमाचा सांगाडा तसाच आहे, पण एक खिडकी उघडली. प्रवाशाच्या ताब्यातले सामान गेले आणि ते रेल्वेच्या किंवा तिच्या नोकरांच्या निष्काळजीपणामुळे वा गैरवर्तनामुळे गेले असे सिद्ध झाले, तर रेल्वे जबाबदार राहील. सिद्ध करायचे कोणी, तर प्रवाशाने.

या खिडकीतून अनेक प्रवासी ग्राहक न्यायालयांत गेले आणि काही जिंकलेही. त्यांचा आधार रेल्वेच्याच नियमांत होता. आरक्षित डब्याच्या तिकीट तपासनीसाने अनधिकृत माणसांना आत येऊ देऊ नये, गाडी चालू असताना दारे लावलेली ठेवावीत, रात्री १० ते सकाळी ६ डब्यांना जोडणारी दारे बंद ठेवावीत, अशी कर्तव्ये लिहिलेली आहेत. म्हणजे कागदावर जागल्या नेमलेला आहे. प्रत्यक्षात एका तपासनीसाकडे अनेक डबे असतात आणि पहाटे तीन वाजता स्लीपरची दारे कशी असतात हे आपण सगळे जाणतो.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात वेगळी दिशा दाखवली. काशी विश्वनाथ एक्सप्रेसने दिल्लीला जाणाऱ्या एका व्यापाऱ्याचे एक लाख रुपये चोरीला गेले होते. ते त्याने कुठे ठेवले होते? कमरेला बांधलेल्या कापडी पट्ट्यात. आपला कसाच. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय, तिन्ही स्तरांवर निकाल त्याच्या बाजूने लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. प्रवाशाला स्वतःच्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत तर त्याला रेल्वेच्या सेवेतली त्रुटी म्हणता येणार नाही, असा त्याचा आशय.

अंगावर बांधलेल्या रोख रकमेपुरता हा निकाल मला समजू शकतो. रेल्वेला त्या रकमेची कल्पनाही नव्हती. पण तेच तर्कशास्त्र बाकाखालच्या बॅगेपर्यंत ताणले जाऊ नये. बॅग अंगावर ठेवता येत नाही, कारण रेल्वेने तिला तिथे जागाच ठेवलेली नाही. जिथे ठेवायला सांगितले तिथे ती ठेवली, जेव्हा झोपायला सांगितले तेव्हा माणूस झोपला. यात त्याने आणखी काय करायचे होते?

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. रोज कोट्यवधी लोक रेल्वेने जातात. प्रत्येक हरवलेल्या बॅगेची भरपाई द्यायची तर खोट्या दाव्यांचा पूर येईल. आक्षेप पोकळ नाही. गावाकडून भरपाई घेण्याच्या पद्धतीतही हाच धोका होता आणि म्हणूनच तिथे तडजोडीने मर्यादा घातली जाई. तशी मर्यादा आजही घालता येईल. ऑनलाइन तिकीट काढताना काही पैशांत प्रवासी विमा मिळतो; तो अपघाती मृत्यू, अपंगत्व आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी आहे. त्यालाच, शयनयानापुरता आणि रात्रीच्या त्या आठ तासांपुरता, सामानाचा एक छोटा निश्चित हिस्सा जोडायला काय हरकत आहे? वातानुकूलित डब्यात चादरी देणारा परिचर असतो, म्हणजे तिथे रात्री निदान एक माणूस डब्याचा म्हणून असतो. स्लीपरमध्ये तोही नाही. दोन-तीन स्लीपर डब्यांमागे रात्री एक माणूस, दारे लावणारा आणि जागणारा, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी कोणासाठी? आपल्याच दोन जिल्ह्यांतली माणसे पाहा. विटा, खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी पट्ट्यातून गलाई व्यवसायासाठी, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामासाठी, देशभर गेलेली हजारो कुटुंबे आहेत. दिल्ली, पंजाब, बंगाल, तमिळनाडू, केरळ, कुठेही सराफ बाजारात जा, मराठी ऐकू येते. सणाला, जत्रेला, लग्नाला ही कुटुंबे दोन-दोन रात्रींचा प्रवास करून गावी येतात. आयुष्य सोन्याच्या धंद्यात गेले तरी यातले कितीतरी जण स्लीपरनेच येतात, आणि बायकांच्या अंगावरचे दागिने प्रवासाआधी उतरवून कुठे ठेवायचे हा त्यांच्या घरातला खरा प्रश्न असतो. रजेवर येणारा जवान आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर ते गोंदिया असा राज्याच्या आरपार जाणारा नोकरदार आहे. स्पर्धा परीक्षेची मूळ प्रमाणपत्रे घेऊन गोवा एक्सप्रेसने दिल्लीला निघालेली मुलगी आहे. तिच्या बॅगेची बाजारभावाने किंमत हजार रुपयेही नसेल, पण ती गेली तर तिचे एक वर्ष जाते.

तोवर काय करावे, हे विचारणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. चोरी लक्षात येताच १३९ वर कळवा. प्रवास मोडून उतरण्याची गरज नाही. तक्रारीचा नमुना तपासनीसाकडे, गार्डकडे किंवा गाडीतल्या पोलिसांकडे भरून देता येतो आणि पुढच्या पोलीस ठाण्यात तो नोंदवला जातो. तक्रारीत हरवलेल्या वस्तूंच्या यादीबरोबर आणखी काही गोष्टी लिहा : तपासनीस शेवटचा कधी दिसला, डब्याची दारे उघडी होती का, विनाआरक्षण माणसे आत होती का, कोणत्या स्थानकानंतर. बॅग साखळीने बांधलेली होती हेही लिहा आणि शक्य तर तुटलेल्या साखळीचे छायाचित्र ठेवा. कलम १०० ची खिडकी याच तपशिलांनी उघडते. आणि पुढे कधी कुणी हा इतिहास लिहायला बसला तर त्यालाही हाच कागद लागेल.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर नाव रंगवलेली जुनी ट्रंक असेल, तर धूळ पुसून झाकणावर काय लिहिले आहे ते पाहा. सातारा रोड, मिरज, सांगली, कुंडल रोड, पलटणीचे नाव, जे असेल ते. त्यावरचा खासगी पत्ता झाकून छायाचित्र खाली प्रतिसादात जोडा आणि ती ट्रंक कोणत्या वर्षी, कुठून कुठे गेली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. पुण्याला गाडी बदलताना ती कोणी उचलली होती, हे आठवत असेल तर तेही लिहा.